सराव

प्रेसमध्ये माझं काम खोट शोधायचं.
कागद उजेडाला धरायचा,
शाई कुठे फिकी, अंक कुठे सरकला.
बावीस वर्षं. डोळे अजून शाबूत आहेत.

म्हणून गार्गीच्या एमआरआयची फिल्म
डॉक्टरांची बघून झाल्यावरही मी
स्वयंपाकघराच्या खिडकीला धरली.
एकदा सकाळी, एकदा ट्यूबलाइटखाली.
मणका स्वच्छ. एक ठिपका नाही.
आणि मागे गादीवर ती, गुडघे पोटाशी घेऊन,
चौदा महिन्यांपासून.

रिपोर्ट नॉर्मल आला की लोक पेढे मागतात.
आम्हाला कुणी मागितले नाहीत.
सिन्नरची आत्या म्हणाली,
"परीक्षा आली की दुखतं वाटतं हिचं."
पीटीच्या सरांनी 'ढोंग' हा शब्द वापरला नाही,
नुसत्या भुवया वापरल्या.
मीसुद्धा एका रात्री (हे लिहायला नको होतं)
दाराच्या फटीतून बघत उभा राहिलो,
कुणी बघत नसताना ती कशी झोपते ते.
तशीच झोपली होती. दात आवळून.

शरणपूर रोडला, चष्म्याच्या दुकानावर
साळवे मॅडमची खोली.
मी फाइल पुढे केली. त्यांनी ती खुर्चीखाली ठेवली
आणि गार्गीला विचारलं, "राहायला कुठे?"
"लॅम रोड."
"मग तोफा ऐकू येत असतील."
येतात की. देवळालीला सराव असला
की आमच्या कपाटाच्या काचा वाजतात,
कपबशा एकमेकींना धरून थरथरतात.
"आवाज खरा असतो?"
"खराच."
"काचा खरंच हलतात?"
"हो."
"आणि युद्ध?"
गार्गी गप्प राहिली. मग कुठल्याही डॉक्टरच्या खोलीत
पहिल्यांदाच पाठ टेकून बसली.
"तुझं दुखणं खरं आहे," मॅडम म्हणाल्या,
"एवढं आधी ठरवून टाकू."

मला वाटलं, सुटलं कोडं.
कसलं काय.
आठवडाभर जिन्याच्या चार पायऱ्या, फक्त चार.
बरं वाटलं तरी पाचवी नाही,
वाईट वाटलं तरी तिसरीवर थांबणं नाही.
पोटावर हात ठेवून लांब श्वास, कुकरची शिट्टी होईपर्यंत.
शाळा दोन तासिका, मग मधल्या सुट्टीपर्यंत,
मग एक अख्खा आठवडा पुन्हा गादीवर
आणि मॅडमच्या नावानं शिव्या,
त्यातल्या दोन मलाही नवीन.

मला नेमून दिलेलं काम वेगळं:
'दुखतंय का' हे विचारायचं नाही.
एवढंच? मी हसलो होतो.
रात्रीपर्यंत सतरा वेळा तोंड उघडून मिटलं.
चौदा महिने माझी सगळी माया
त्या दोन शब्दांत राहायला गेली होती,
दुसरं घर तिला माहीत नव्हतं.
बायको पोळ्या लाटता लाटता बघायची माझ्याकडे,
आणि मी खोकल्यासारखं करून गॅलरीत जायचो.

दुखणं गेलेलं नाही. तसं लिहिलं तर ती खोट ठरेल.
परवा रात्री तोफा पुन्हा सुरू झाल्या.
मीच दचकून उठून बसलो.
पलीकडच्या खोलीतून आवाज आला, झोपेतला, वैतागलेला,
"सराव आहे हो, बाबा."

आज ती बिटकोपासून एकटी बसनं आली.
चेहरा उतरलेला, एक हात कमरेवर.
शब्द ओठांशी आले. चावले.
विचारलं, "खिडकीची जागा मिळाली का?"

नाही मिळाली. कारण विहितगावला एक बाई चढली,
तिच्या मांडीवर भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ,
सासऱ्यांना निवृत्तीला मिळालेलं, आणि ते चालू होतं,
आणि कंडक्टर दर स्टॉपला वाकून त्यात वेळ बघत होता,
आणि बाबा, ते वीस मिनिटं पुढे होतं, तरी कुणीच त्याला...

मी एका पायात चप्पल घालून उभा आहे,
दुसरी हातात.
अजून सांगतेय.